खांबातला थेंब

आत्याच्या दुकानातल्या खांबाला एक उभा तडा गेला होता आणि त्या तड्याच्या खालच्या टोकाशी एक थेंब तयार होत असे. आधी नुसती ओल चमकायची. मग तिला पोट यायचं. पोट जड झालं की थेंब जरासा थरथरायचा आणि खाली ठेवलेल्या स्टीलच्या डब्यात पडायचा. आत्या शिलाई मशिनची एक बॉबिन भरते, तेवढ्या वेळात एक थेंब. बाहेर ऊन असो, पाऊस असो, या वेगात फरक पडत नसे.

तड्याच्या मधोमध करंगळीएवढी एक काचेची पट्टी आडवी बसवलेली होती. शहर कार्यालयातल्या इंजिनिअरबाईंनी ती दोन्ही टोकांना प्लास्टर लावून चिकटवली होती.

"आतल्या सळया गंजताहेत," त्या म्हणाल्या होत्या. "गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटला आतून फाडते. ही काच फुटली तर समजायचं, तडा वाढतोय. मग मला लगेच फोन. त्याच दिवशी खांबाला लोखंडी टेकू लावायचे, नाहीतर त्याच दिवशी इमारत रिकामी करायची."

"आणि नाही फुटली तर?" आत्यानं विचारलं.

"तर महिनाअखेरपर्यंत वेळ आहे."

जाताना त्यांनी जिन्यापाशी नोटीस लावली. खांबाची दुरुस्ती सक्तीची होती. खर्च मालकानं किती सोसायचा आणि भाडेकरूंनी किती, ते आपसात ठरवून कळवायचं होतं. ठरलं नाही, तर सगळ्यांनीच बाहेर.

बाकीच्यांना बाहेर म्हणजे दुसरीकडे भाड्यानं घर. आत्याला बाहेर म्हणजे सगळंच संपलं. पुढच्या खोलीत तिचं कपडे दुरुस्त करायचं दुकान, मागच्या खोलीत आम्ही दोघी. आई-वडिलांच्या माघारी तिनं मला याच मशिनवर वाढवलं. लोक तिच्याकडे येतात ते रस्त्यावरून चालता चालता. हातातली पिशवी काउंटरवर टाकतात, "चेन बदलायची आहे" म्हणतात आणि पुढे जातात. ही जागा गेली की त्या पिशव्या गेल्या. आणि एकदा का इमारत रिकामी झाली, की ती पुन्हा भरेल याची खात्री कुणी द्यायला तयार नव्हतं. कारण सगळ्यात वरच्या मजल्यावर आमचे मालक राहत होते, आणि एका बिल्डरनं ही इमारत रिकामी मिळाली तर घेतो, असं त्यांना कधीचं सांगून ठेवलं होतं.

मालकांनी त्याला हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. ते "बघू" म्हणाले होते.

ते सगळ्यालाच बघू म्हणत. जिन्यातला दिवा गेला, बघू. गच्चीच्या दाराची कडी निखळली, बघू. परगावी असलेली त्यांची मुलगी फोनवर म्हणायची, बाबा, विकून टाका आणि माझ्याकडे या, त्यालाही बघू. त्यांच्या पाठीमागे सगळी इमारत त्यांना बघूअण्णा म्हणायची. तोंडावर नुसतं अण्णा.

भांडण एकाच गोष्टीवर अडलं होतं. खांबात मुरणारं पाणी कुणाचं?

"तुमच्या गच्चीचं!" दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर म्हणायचे. ते शाळेतून निवृत्त झाले होते, पण आवाज अजून वर्गातलाच होता. "कुंड्या काय, रोज पाइपनं पाणी काय! ते सगळं कुठं जातं? खाली! तुमचं पाणी, तुमचा खर्च."

"आणि तुमच्या बाथरूमच्या फरश्या तुम्ही परस्पर बदलल्यात, त्या कोण विसरलं?" अण्णा म्हणायचे. "खांब तुमच्या बाथरूमला लागून वर येतो, मास्तर. माझ्या गच्चीला नंतर पोचतो."

पहिल्या मजल्यावरच्या वहिनी या वादात मास्तरांच्या बाजूनं असायच्या, कारण त्यांचंही बाथरूम त्याच खांबाला लागून होतं. त्यांचे यजमान ट्रक चालवायचे आणि बहुतेक वेळ बाहेर असायचे, त्यामुळे दोघांच्या वाटणीचं त्या एकट्याच बोलायच्या.

मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. पाणी जमिनीखालून कुठून कुठे जातं ते पाहायला आमच्याकडे एक रंग वापरतात. चिमूटभर टाकला तर बादलीभर पाणी पोपटी हिरवं होतं, आणि अंगाला अपाय काही नाही. तसाच एक लालही असतो. मी दोन्ही रंग विकत आणले आणि जिन्यात सगळ्यांना थांबवून सांगितलं, "भांडत कशाला बसायचं? रविवारी सकाळी गच्चीवर हिरवा टाकू, बाथरूमांमध्ये लाल. मग खांबातून कुठला रंग येतो ते खाली बसून पाहू."

मग वहिनींनी टाळी वाजवली. "अगं बाई! म्हणजे थेंबच सांगणार?"

"थेंबच सांगणार."

"आणि मग रडगाणं नाही," मास्तर अण्णांकडे बघत म्हणाले. "हिरवा आला तर सगळा खर्च तुमचा."

"आणि लाल आला तर तुमचा," अण्णा म्हणाले. आणि मग सवयीनं, "बघू."

रविवारी मी आधी गच्चीवर गेले. पाणी जायच्या भोकात चिंधीचा बोळा कोंबला, दोन बादल्या हिरवं पाणी ओतलं. खांबाच्या डोक्यावर छान तळं झालं. अण्णा कुंड्यांजवळ उभे राहून बघत होते. मग खाली येत दोन्ही बाथरूमांत जमिनीवरच्या जाळीभोवती लाल पूड पसरली आणि बजावलं, "आज भरपूर पाणी वापरा. आंघोळी, कपडे, सगळं."

"वापरतो की!" मास्तर म्हणाले.

"न्हाऊन घेते मी तर," वहिनी म्हणाल्या.

थोड्याच वेळात सगळे आत्याच्या दुकानात हजर. आत्यानं गिऱ्हाइकांचे कपडे एका बाजूला सारून स्टुलं मोकळी केली. खांबाच्या तळाशी मी पांढरं फडकं अंथरलं आणि डब्याच्या जागी काचेचा पेला ठेवला, म्हणजे रंग दुरूनही दिसेल. वहिनींना गप्प बसवेना. त्यांनी आत्याच्या बटणांचा डबा ओढला आणि खडूच्या डब्यांची दोन झाकणं मांडली.

"चला, लावा पैज! हिरवं बटण गच्चीला, लाल बटण बाथरूमला."

"हा काय पोरखेळ," म्हणत मास्तरांनी डब्यातलं सगळ्यात मोठं हिरवं बटण शोधून काढलं. कोटाचं होतं.

अण्णांनी लाल बटण टाकलं. त्यांना दुकानात बसलेलं पाहून मला गंमत वाटली. एरवी ते भाडं घ्यायलासुद्धा दारातच थांबायचे. आज स्टुलावर गुडघे जवळ घेऊन बसले होते आणि समोर खांब होता, तडा, काच आणि थेंब. तो तडा इतक्या जवळून त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. त्यांनी बोट पुढे केलं, मग मागे घेतलं.

"आत्या, तुमचं बटण?" वहिनींनी विचारलं.

"माझ्या दुकानात मी पैज लावत नाही," आत्या म्हणाली. "बटणं मोजून परत ठेवा म्हणजे झालं."

पण तिचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकले होते. हिरवं आलं तर अण्णा चिडून विकून टाकतील, आणि लाल आलं तर मास्तर आणि वहिनी हात वर करतील, असा तिचा हिशेब होता. दोन्हीकडून रिकामं. आदल्या संध्याकाळी ती मला म्हणाली होती, "तुझा थेंब बोलला नाही तरी चालेल गं." मला तेव्हा ते बोलणं नीट कळलं नव्हतं.

पहिला थेंब सुटला. सगळे पुढे वाकले. मास्तरांचं कपाळ वहिनींच्या कपाळावर आपटलं.

स्वच्छ. पाण्यासारखं पाणी.

"वेळ लागेल," मी म्हटलं.

दुसरा स्वच्छ. तिसराही. वहिनींनी चहा आणला, तो सगळ्यांनी थेंबावरची नजर न काढता प्यायला. अण्णांचा अर्धा शर्टावर गेला. प्रत्येक थेंबाला पोट यायला लागलं की दुकानात श्वास थांबायचा आणि तो पडला की "हॅत्" व्हायचं. रस्त्यावरून पँट घेऊन आलेलं एक गिऱ्हाईक पैज काय आहे ते विचारून हिरवं बटण टाकून गेलं. पेल्याचा तळ झाकला, तरी रंगाचा पत्ता नाही.

"तुझा रंग कच्चा आहे पोरी," मास्तर म्हणाले.

"रंग पक्का आहे."

"मग जुना असेल."

"मास्तर, मी बघून येते," मी म्हटलं आणि उठले. त्या वेळी अण्णांनी घसा खाकरला आणि मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. ते माझ्या लक्षात आलं.

गच्चीवर तळं नव्हतं. चिंधीचा बोळा भोकातून काढून कठड्यावर वाळत घातलेला, आणि कोपऱ्यात खराटा उभा, त्याच्या काड्या पोपटी हिरव्या. अण्णांनी माझ्या पाठोपाठ सगळं पाणी झाडून काढलं होतं. जमीन कोरडी ठाक.

मी मास्तरांच्या बाथरूममध्ये गेले. लाल पूड टाकली होती तशीच होती, कोरडी, तिच्यावर एका पालीच्या पावलांचे ठसे. बादली पालथी. साबण सुकलेला. वहिनींकडे तर बाथरूमला बाहेरून कडी होती, आणि मुलांना, नंतर कळलं, सकाळीच मामाकडे आंघोळीला पाठवलं होतं.

मी सहसा चिडत नाही. तेव्हा मात्र जिना उतरताना माझे कान तापले होते.

"अण्णा, खराटा हिरवा कसा झाला?" मी दारातूनच विचारलं.

अण्णा स्टुलावर इतके सरळ बसले की ते आता उठणार असं वाटलं.

"मास्तर, तुम्ही आज आंघोळ केली नाही."

"सर्दी आहे मला जराशी," मास्तर म्हणाले.

"आणि वहिनी, तुमच्या बाथरूमला कडी?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. त्यांना हसू आवरत नव्हतं. "अहो ताई, म्हटलं कशाला उगाच! आपल्या बाजूनं यायला नको म्हणून एक दिवस पाणी बंद ठेवलं. काय बिघडलं? खरंच न्हाले नाही हो मी!"

"म्हणजे तुम्ही फसवलंत!" मास्तर अण्णांवर गरजले.

"मी? आणि तुमची ती सर्दी?"

"सर्दी खरी आहे!"

"सगळ्यांनीच फसवलंय!" माझा आवाज मलाच मोठा वाटला. "सकाळपासून या इमारतीत कुणी पाण्याचा थेंब वापरलेला नाही. गच्ची कोरडी. दोन्ही बाथरूमं कोरडी. मग आता काय डोंबल दिसणार त्या खांबातून?"

सगळे गप्प झाले. आणि त्या शांततेत पेल्यात आवाज झाला.

टप्.

मी पेल्याकडे पाहिलं. मग तड्याच्या टोकाकडे. तिथे ओल चमकत होती आणि तिला पुन्हा पोट येत होतं, नेहमीच्याच वेगानं. बॉबिन भरते तेवढा वेळ.

"थांबा," मी म्हटलं. "थांबा, थांबा. कुणी बोलू नका."

कुणी बोलतच नव्हतं.

"गच्ची बंद, बाथरूमं बंद. मग हे कुठून येतंय?"

आत्या पहिल्यांदा उभी राहिली. "अगं, मग उरलं काय?"

उरलं होतं एकच. अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीतून पंप पाणी वर चढवतो, गच्चीवरच्या टाकीत. तो पाइप कायम भरलेला असतो, पंप बंद असला तरी. आणि तो पाइप भिंतीत, खांबाला चिकटून वर जातो. म्हणूनच ऊन असो, पाऊस असो, थेंबाचा वेग बदलत नव्हता! आणि पंप लागतो तो पहाटे, आम्ही मागच्या खोलीत झोपेत असताना, तेव्हा थेंबाचं काय होतं ते कुणी पाहिलंच नव्हतं.

"मास्तर, तुम्ही खांबापाशी. वहिनी, दारात उभ्या राहा, ओरडून सांगा. मी पंप लावते."

मी बोळातून धावत पंपाच्या बटणापाशी गेले. धावायची काही गरज नव्हती, पण माझे पाय ऐकेनात. बटण दाबलं. पंप घरघरला.

"चालू झाला हो!" वहिनींनी दुकानात आरोळी दिली.

आतून मास्तरांचा आवाज आला, मग बसला, मग पुन्हा आला. "अहो! अहो, धार! थेंब नाही, धार लागली!"

"बंद करते!"

"बंद करतायत हो!"

"थांबली! थेंब झाला पुन्हा!"

"चालू!"

"धार! बाप रे, भिंतीवर उडाली! अण्णा, बाजूला व्हा!"

वहिनी दारात नाचायच्याच बाकी होत्या. समोरच्या फुटपाथवर दोन-तीन माणसं काय झालं म्हणून थांबली. मला एवढा आनंद मोठमोठ्या उपकरणांपुढे बसून कधी झाला नव्हता. वरची टाकी भरलेलीच होती, आता वाहू लागेल, म्हणून मी पंप बंद केला.

भिंतीत ठक्कन आवाज झाला. कुणीतरी आतून हातोडी मारावी तसा. आणि पाठोपाठ दुकानातून दुसरा आवाज, बारीक, सुई जमिनीवर पडावी एवढा.

मी आत गेले तेव्हा सगळे जागच्या जागी उभे होते. काचेच्या पट्टीला मधोमध एक रेघ गेली होती. आत्यानं नखानं तिला हलकेच स्पर्श केला, तेव्हा एका बाजूचा तुकडा तिच्या तळव्यावर पडला.

"फुटली," आत्या म्हणाली.

मी लगेच इंजिनिअरबाईंना फोन लावला आणि जे झालं ते सांगितलं. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. शेवटी म्हणाल्या, "पंप अजिबात लावू नका. दुकानात गर्दी करू नका. टेकूंची गाडी मी पाठवू शकते, पण मालकांनी दुरुस्ती करतो असं सांगायला हवं. ते नसेल तर गाडी येणार नाही, आमची माणसं येतील, इमारत रिकामी करायला. मालकांना विचारून ठेवा. मी जरा वेळानं फोन करते. तेव्हा मला हो किंवा नाही, दोन्हींपैकी एक ऐकायचंय."

मी फोन ठेवला आणि सगळ्यांना ते शब्द जसेच्या तसे सांगितले. आम्ही दुकानातून बाहेर पायरीवर आलो. आत्या दारात थांबली, एक पाय आत.

"तो आवाज," अण्णा हळू म्हणाले. "ठक्. मास्तर, आठवतो?"

मास्तरांनी मान डोलावली. "न आठवायला काय झालं. पाइप बाहेरून होता तेव्हा रोज सकाळी पंप बंद झाला की तो ठोका बसायचा. पोरं दचकून उठायची."

"आणि तुम्ही सगळे मिळून वर आला होतात, माझ्याकडे. तो पाइप भिंतीत घाला म्हणून."

"सगळे नव्हते," वहिनी म्हणाल्या, मग थांबल्या. "होतो खरं. मीच पुढे होते."

"मीही होते," आत्या म्हणाली. "पाइपाच्या गंजाचे डाग पडायचे धुतलेल्या कपड्यांवर. मीच म्हटलं होतं, झाकून टाका अण्णा."

"आणि मी झाकला," अण्णा म्हणाले. "गवंडी म्हणाला, खांबाच्या कडेला खाच घेतो, सोपं पडेल. घे म्हटलं." ते पायरीवर बसले. "ठोका ऐकू यायचा बंद झाला, आणि आपण सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला."

मास्तर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. ते असं करताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मग आता?" वहिनी म्हणाल्या. "पाणी तर सगळेच पितो."

"पाइपाचा खर्च नळांवर वाटा," आत्या म्हणाली. "ज्याच्याकडे जितके नळ, तितका वाटा. माझ्याकडे एकच आहे, मोरीतला."

"बरोबर आहे!" मास्तर म्हणाले. "माझ्याकडे दोन."

वहिनी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"काय?"

"मास्तर, गॅलरीतला?"

"तो... तो नळ नाही, तोटी आहे."

"त्यातून दूध येतं का?" वहिनींनी विचारलं, आणि पायरीवर हशा पिकला. मास्तरांचे कान लाल झाले. "बरं, तीन. तीन लिहा! पण मग तुमचा तो वॉशिंग मशिनचा?"

"तोही धरा," वहिनी म्हणाल्या. "अण्णांना न विचारता घेतलाय. आता सांगून टाकते, म्हणजे छातीवरचं ओझं तरी जाईल."

"मला ठाऊक होतं," अण्णा म्हणाले.

"आणि काही बोलला नाहीत?"

"बघू म्हटलं होतं."

या वेळी सगळ्यात जास्त अण्णाच हसले. मग बोटं दुमडत आपले नळ मोजायला लागले. स्वयंपाकघर, दोन बाथरूमं, बेसिन, गच्चीवरचे, कुंड्यांचा. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हातावर गेले. आमच्या सगळ्यांच्या नळांची बेरीज एकीकडे आणि त्यांचे एकीकडे, तरी त्यांचंच पारडं जड.

"हे बरंय," ते म्हणाले. "म्हणजे सगळ्यात मोठा चोर मीच."

"पण अण्णा, पाइपाचं झालं," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज आता वर्गातला नव्हता. "खांबाचं काय? खर्च खरा तिथेच आहे."

अण्णांचं हसू ओसरलं. "तेच तर म्हणतोय मी इतके दिवस. या भाड्यात खांब उभा राहतो का, मास्तर? तुम्हीच गणित घाला. मुलगी म्हणते वेडेपणा करू नका. बिल्डरचा फोन दर आठवड्याला येतो. आणि तुमच्यापैकी कुणी आजवर..." ते थांबले. "जाऊ दे."

खरं होतं ते. भाडं वाढवायचा विषय निघाला की मास्तर कायदा काढायचे, वहिनी मुलांची शाळा काढायच्या, आणि आम्हीही गप्प राहायचो. गप्प राहणं हेही उत्तरच होतं.

आत्यानं दारातला तो एक पाय बाहेर घेतला. हातातला काचेचा तुकडा अजून तिच्या मुठीत होता.

"अण्णा, भाडं वाढवा," ती म्हणाली.

मास्तरांना ठसका लागला. वहिनींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, पण बघत होत्या आत्याकडे.

"वाढवा," आत्या पुन्हा म्हणाली. "खांबाला जे लागेल ते तुम्ही घाला, आणि आमचा भाग महिन्याच्या महिन्याला भाड्यातून घ्या. एकदम मागाल तर कुणाकडे नाही. हळूहळू मागाल तर मी देईन. ऑर्डरी जास्त घेईन, संध्याकाळी उशिरापर्यंत बसेन, पण देईन. तुम्ही विकलंत तर मात्र मी कुठून देणार आणि कुणाला?"

मला तिच्याकडे बघवेना. तिनं आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि आताही ती मागत नव्हती, देऊ करत होती.

"मास्तर?" अण्णांनी विचारलं.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पेन्शन आहे. वाढवा. पण लेखी हवं, जो जिथे राहतो तो तिथेच राहील म्हणून."

"वहिनी?"

"यांना फोन करून विचारते," वहिनी म्हणाल्या, आणि लगेच, "नाही, नको. ते माझं ऐकतात. वाढवा."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. दुकानात पेल्यामध्ये टप् झालं आणि आम्ही सगळ्यांनी एकदम मागे वळून पाहिलं. अण्णा उठले. दारापर्यंत गेले, आत डोकावले. फुटकी काच, तडा, पांढरं फडकं, खडूच्या डब्यांच्या झाकणातली बटणं. त्यांची पाठ आमच्याकडे होती, त्यामुळे चेहऱ्यावर काय चाललंय ते कळत नव्हतं. वहिनींनी माझा दंड एवढा घट्ट धरला की नंतर तिथे वळ राहिला.

माझ्या हातातला फोन वाजला.

"इंजिनिअरबाई," मी म्हटलं.

अण्णांनी न वळताच हात मागे केला. मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या हातात दिला. पलीकडून बाईंचा आवाज आला, घाईतला, "हां, मालक आहेत का? बोला. काय ठरलं?"

फोन तोंडाशी धरत अण्णा आमच्याकडे वळले. त्यांचे ओठ जुळले. तो पहिला 'ब' मला स्पष्ट दिसला, आणि मास्तरांनाही, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. आत्या हलली नाही.

अण्णांनी ओठ उघडले, एक श्वास घेतला.

"ठरलंय," ते म्हणाले, रस्त्यापलीकडेही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "खांब माझा, पाइप सगळ्यांचा. इमारत विकायची नाही. गाडी पाठवा बाई, टेकू आजच लावायचेत."